शिफारस पुस्तकाची, जबाबदारी वाचणाऱ्याची

शिरूर-दौंड, प्रतिनिधी

'शिफारस' हा शब्द तालुक्याच्या गावात फारशा चांगल्या अर्थाने उच्चारला जात नाही. वसतिगृहातील प्रवेश असो, रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील नोकरी असो, रुग्णालयातील खाट असो वा बदलीचा अर्ज असो, 'कोणाची तरी शिफारस आणा' असा सल्ला ठरलेलाच. त्यामुळे शिफारस म्हणजे वशिला, हे समीकरण मनात पक्के बसले आहे. या शिफारशीत मोजले जाते ते देणाऱ्याचे वजन.

पुस्तकाच्या शिफारशीचे मात्र नेमके उलट असते. तेथे देणाऱ्याच्या पदाला काही किंमत नसते. त्याने ते पुस्तक स्वतः वाचले आहे काय आणि ज्याच्या हाती तो ते देत आहे त्याला तो ओळखतो काय, या दोनच गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. विशेषतः समाजातील विषमता, जात, स्त्रीजीवन, विस्थापन, भटकेपण अशा विषयांवरील पुस्तके बहुधा जाहिरातीने वाचली जात नाहीत. ती एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जातात. कित्येकदा तर ती टिकतात हीसुद्धा अशा एखाद्या शिफारशीची पुण्याई असते. याची साक्ष शोधण्यासाठी शिरूर-दौंडच्या वाचकाला फार लांब जाण्याची गरज नाही.

केडगावचा धडा

पुण्याहून रेल्वेने निघाले की दौंडच्या अलीकडे केडगाव हे स्थानक लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन याच केडगावात आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना आणि स्त्रियांना रमाबाईंनी येथे आणले, वाढवले, शिकवले. संस्थेत छापखाना होता आणि त्यातील कामे स्त्रिया व मुलीच करीत. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत केलेला बायबलचा अनुवाद याच छापखान्यात छापला गेला. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथेच त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण अनुवाद १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या काळात अक्षर ओळखणारी स्त्री हाच अपवाद होता, त्या काळात केडगावात दुष्काळग्रस्त मुली खिळे जुळवीत होत्या, ही गोष्ट या परिसराच्या वाचनसंस्कृतीविषयी बोलताना प्रथम सांगितली पाहिजे.

रमाबाईंचे 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे प्रसिद्ध झाले. त्याला प्रस्तावना होती रॅचेल बॉडली यांची. डॉ. आनंदीबाई जोशी ज्या महाविद्यालयातून १८८६ मध्ये पदवीधर झाल्या, त्याच्या त्या अधिष्ठाता होत्या. परक्या देशातून आलेल्या, नाव कोणास ठाऊक नसलेल्या एका विधवेचे पुस्तक अमेरिकी वाचकांनी का वाचावे, हे त्यांच्यापैकीच एका विश्वासार्ह बाईने सांगितले. त्याच वर्षी बोस्टनमध्ये रमाबाईंच्या कार्याला मदत करण्यासाठी संस्था स्थापन झाली आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले. केडगावच्या वास्तूची पायाभरणी अशी एका पुस्तकाने आणि त्याच्या एका शिफारशीने झाली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

नऊ आण्यांचे पुस्तक

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक १८८२ मध्ये पुण्यात छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. सुरतेतील विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवरील खटल्यानंतर वृत्तपत्रांतून स्त्रियांवर जी आगपाखड झाली, तिला दिलेले हे सडेतोड उत्तर होते. पुस्तकावर टीकेची झोड उठली. ताराबाईंनी त्यानंतर दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले नाही.

या गदारोळात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते महात्मा जोतिराव फुले. १८८५ मध्ये काढलेल्या 'सत्सार'च्या अंकांतून त्यांनी रमाबाईंच्या धर्मांतरावरून उठलेल्या वादळाचा समाचार घेतला आणि ताराबाईंच्या पुस्तकाची बाजूही मांडली. रमाबाई आणि ताराबाई यांची जात, शिक्षण, वाट यांत काहीच साम्य नव्हते. फुल्यांनी दोघींनाही वाचले आणि दोघींविषयी लिहिले.

पुढे 'स्त्रीपुरुषतुलना' विस्मरणात गेले. ते पुन्हा वाचकांसमोर आणले स. गं. मालशे यांनी, १९७५ मध्ये. धनंजय कीर यांच्यासह १९६९ मध्ये महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मय संपादित करणारे मालशे ते हेच. पाचशे प्रतींचे एक पुस्तक नव्वद वर्षांहून अधिक काळाने पुन्हा बोलू लागले. त्याचे पहिले श्रेय अर्थातच लेखिकेचे. मात्र ज्यांनी ते वाचून 'हे दुसऱ्यानेही वाचले पाहिजे' असे ठरवले, त्या वाचकांचाही त्यात वाटा आहे.

कपाटापर्यंत आणि कपाटानंतर

आजचा प्रश्न वेगळा आहे. पुस्तके आहेत, पण वाचकाशी त्यांची गाठ पडत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाला. त्याखालील मान्यताप्राप्त ग्रंथालये 'अ', 'ब', 'क', 'ड' अशा वर्गांत मोडतात आणि वर्गानुसार त्यांना शासनाचे अनुदान मिळते. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडूनही ग्रंथसाहाय्य होते. म्हणजे पुस्तक तालुक्यातील कपाटापर्यंत पोचण्याची काही व्यवस्था निश्चित आहे. कपाटातून वाचकाच्या हातात ते कसे जावे, याची तरतूद मात्र कोणत्याही अधिनियमात करता येत नाही. ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये जी पंचसूत्री मांडली, तिच्यात वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे हे जसे सूत्र आहे, तसेच पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा हेही स्वतंत्र सूत्र आहे. दुसरे काम पहिल्याहून अवघड असते.

हे ओळखून महाराष्ट्रात काही प्रयत्न झाले. १९७४ मध्ये 'ग्रंथाली' ही वाचक चळवळ म्हणून सुरू झाली. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) ही आत्मकथने तिने प्रसिद्ध केली. पुस्तक छापून थांबायचे नाही, ते घेऊन वाचकाकडे जायचे, हा तिचा बाणा होता. त्याआधी, १९७२ मध्ये, नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' आला होता. ढसाळ मूळचे शिरूरला लागून असलेल्या खेड तालुक्यातील पूर-कनेरसरचे. त्यांच्या संग्रहाला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. या कवितेतील कितीतरी शब्द आपल्याला कळले नाहीत, हे तेंडुलकरांनी तीत मोकळेपणाने मान्य केले. प्रतिष्ठित नाटककाराने आपले अज्ञान कबूल करून केलेली ही शिफारस मध्यमवर्गीय वाचकाला 'तुलाही हे सगळे कळणार नाही, तरी वाच' असे सांगणारी होती.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांची कथा तर अधिकच शिकवणारी. किराणा दुकानात बसल्या बसल्या, पुड्या बांधण्यासाठी आणलेल्या रद्दीतून त्या वाचत असत. स्वतःचे लेखन त्यांनी कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. फलटणमध्ये राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांनी ते वाचले, त्याचे मोल ओळखले आणि प्रकाशनासाठी आग्रह धरला. 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. बर्नसन यांनी ते बाड वाचले नसते, तर मराठीतील दलित स्त्रीचे एक आद्य आत्मकथन कदाचित डब्यामागेच राहिले असते.

पुढे ढकलणे आणि हाती देणे

या सगळ्याची आठवण आज काढायची ती का? भीमेच्या एका काठाला शिरूर आणि दुसऱ्या काठाला दौंड. याच भीमेकाठचे कोरेगाव भीमा हे गाव शिरूर तालुक्यात येते. १ जानेवारी २०१८ रोजी या परिसरात हिंसाचार उसळला. वाहने जळाली, दुकाने फुटली, एका तरुणाचा जीव गेला आणि पिढ्यान् पिढ्या शेजारी राहणाऱ्या माणसांत दुरावा आला. अशा प्रसंगी मोबाइलवरून संदेशांचा पूर लोटतो. इतिहासाचे दाखले दिले जातात, ग्रंथांची नावे घेतली जातात. हे संदेश पुढे धाडणाऱ्यांपैकी ते ग्रंथ उघडून पाहिलेले किती असतात, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

संदेश पुढे ढकलण्यास वाचण्याची आवश्यकता नसते. तो एकाच वेळी शंभर जणांना जातो आणि त्यातील एकाच्याही चेहऱ्याकडे पाहावे लागत नाही. पुस्तक सुचवायचे तर आधी ते संपवावे लागते. ते एका वेळी एकालाच देता येते. शिवाय देणारा उद्या त्याच चौकात भेटणार असतो. 'तू मला हे का दिलेस?' या प्रश्नाला त्याला उत्तर द्यावे लागते. म्हणूनच पुस्तकाची शिफारस ही शेजाराला जोडणारी गोष्ट आहे. तिने दंगल थांबते असा दावा कोणी करू नये. परंतु ज्याच्या आजोबांची कहाणी आपण एकदा मन लावून वाचली आहे, त्याच्याविषयी आलेला संदेश पुढे ढकलताना बोट क्षणभर तरी अडखळते.

आरसा आणि खिडकी

अमेरिकी अभ्यासक रुडिन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये मुलांच्या पुस्तकांविषयी लिहिताना आरसा आणि खिडकी अशी जोडी मांडली. काही पुस्तकांत वाचकाला स्वतःचे रूप दिसते, काहींतून दुसऱ्याचे घर दिसते. प्रत्येकाला दोन्ही मिळायला हवीत. हा विचार शिरूर-दौंडला लावून पाहण्यासारखा आहे, कारण येथे एकाच तालुक्यात ऊसबागायतदार, ऊसतोड मजूर, रेल्वे कर्मचारी, राज्य राखीव पोलीस दलाचे जवान, कारखान्यांतील परप्रांतीय कामगार आणि पालांवर राहणारी भटकी कुटुंबे असा सगळा समाज नांदतो.

उदाहरणार्थ, खडकवासला प्रकल्पाचा कालवा दौंडपर्यंत पाणी आणतो आणि खेड तालुक्यातील चासकमान धरणाचा कालवा शिरूरची शेते भिजवतो. या पाण्यावर पिकलेला ऊस सर्वांना दिसतो. पाणी अडवताना वरच्या अंगाला ज्यांची गावे बुडाली, ती माणसे दिसत नाहीत. विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' ही धरणग्रस्तांची कादंबरी (१९९१, साहित्य अकादमी पुरस्कार १९९२) येथील बागायतदारासाठी खिडकी आहे. पुनर्वसित वस्तीवरच्या तरुणासाठी तीच कादंबरी आरसा ठरते. सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (२००२, साहित्य अकादमी पुरस्कार २००४) कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातला कोंडमारा दाखवते. ती सुपे किंवा चाकणच्या कारखान्यात नोकरीला लागलेल्या शेतकरीपुत्राला स्वतःची वाटेल आणि शहरातल्या सोसायटीत राहणाऱ्याला महागाईच्या बातमीमागचे घर दाखवील. महात्मा फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. त्यातील कर्जाचे आणि कचेरीचे गणित आजही अनोळखी वाटत नाही.

गावाबाहेर पाल पडले की संशयाने पाहणाऱ्या घरात 'उपरा' किंवा लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) जायला हवे. आदिवासींविषयी केवळ सहानुभूतीने बोलणाऱ्यांना वाहरू सोनवणे यांच्या 'गोधड'मधून आदिवासी स्वतः काय म्हणतो ते कळेल. ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) जात आणि स्त्रीत्व या दोहोंचा जाच एकत्र दाखवते. हमीद दलवाई यांची 'इंधन' (१९६५) खेड्यातील हिंदू-मुस्लिम संबंधांतले ताण कोणाचीही भीड न ठेवता मांडते. नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' वाचल्यावर आपल्या शाळेच्या, बँकेच्या, ग्रंथालयाच्या पायऱ्या वेगळ्या नजरेने दिसू लागतात. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' (१९८१) हे तर मराठीतील तोंडी शिफारशीचे ठळक उदाहरण. अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाचे चरित्र मराठी घराघरांत पोचले ते प्रामुख्याने एका वाचकाने दुसऱ्याला सांगितल्यामुळेच.

ज्यांचा वाचनाशी संबंध तुटला आहे, त्यांना पुस्तक देण्याऐवजी त्यातील एखादे प्रकरण वाचून दाखवावे. ऐकण्याची परंपरा या भागात खोलवर रुजलेली आहे. शिरूर तालुक्यातील कवठे येमाईचे लोककलावंत बशीर मोमीन कवठेकर यांनी आयुष्यभर वगनाट्ये आणि गीते लिहून सामाजिक प्रश्न तमाशाच्या फडावर नेले. त्यांच्या प्रेक्षकांतील अनेकांनी पुस्तक हाती धरले नसेल, विचार मात्र त्यांच्यापर्यंत पोचला.

औषधाची बाटली नको

शिफारस फसते तीही बहुधा चांगल्या हेतूने. प्रस्तुत प्रतिनिधीने काही वर्षांपूर्वी शिरूर तालुक्यातील एका शेतकरी मित्राला 'बलुतं' दिले होते. देताना 'तू हे वाचलेच पाहिजेस' असा शेराही मारला होता. सहा महिन्यांनी पुस्तक जसेच्या तसे परत आले. त्या शेऱ्यात 'तुझ्यात काही कमी आहे' हा दोषारोप दडलेला होता आणि मित्राने तो अचूक ऐकला होता. पुढे बऱ्याच काळाने त्याला 'झाडाझडती' दिली, ती फक्त 'तुझ्या कालव्याची गोष्ट आहे' एवढेच सांगून. या वेळी पुस्तक तीन आठवड्यांत परत आले, कोपरे दुमडलेले. आणि त्याने विचारले, 'आपल्या धरणात कोणाची गावे गेली रे?' त्या प्रश्नाइतकी मोठी पोचपावती नाही.

यातून काही गोष्टी ध्यानात येतात. पुस्तक औषधाच्या बाटलीसारखे देऊ नये. 'हे महत्त्वाचे आहे' यापेक्षा 'हे वाचताना तुझी आठवण झाली' हे वाक्य अधिक काम करते, अर्थात ते खरे असेल तर. स्वतः न वाचलेले पुस्तक सुचवू नये. ज्या समाजाविषयी सांगायचे, त्या समाजातील लेखकाला प्रथम स्थान द्यावे. आपल्यापैकी कोणी त्यांच्याविषयी लिहिलेले नंतर. दुःखाचीच पुस्तके निवडू नयेत, कारण कोणताही समाज केवळ दुःखाचा बनलेला नसतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त नवऱ्याच्या धर्मांतरासारखा दारुण प्रसंग आहे आणि पानोपानी हसूही आहे. पुस्तक दिल्यावर दुसऱ्या दिवशी 'वाचले का?' अशी तपासणी करू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, दिल्याबरोबर घ्यावेही. 'तू मला काय वाचायला देशील?' हा प्रश्न विचारला नाही तर शिफारस एकतर्फी उपदेश होते. ग्रंथालयातील त्या खिडकीला 'देवघेव विभाग' म्हणतात, ते उगीच नव्हे.

हे सारे करण्यासाठी संस्था काढावी लागत नाही. आपल्या गावच्या ग्रंथालयात हवे ते पुस्तक नसेल तर ग्रंथपालांकडे लेखी मागणी करता येते. एकट्याच्या मागणीपेक्षा पाच वाचकांची एकत्रित मागणी अधिक ऐकली जाते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्यांऐवजी पुस्तकाचे वाण देता येते. पाच-सहा मैत्रिणींनी भिशीच्या रकमेतून दरमहा एक पुस्तक घेऊन फिरते ठेवले, तर वर्षाला बारा पुस्तके प्रत्येकीच्या घरून जातात. दौंडहून पुण्याला रोज ये-जा करणाऱ्यांना तर वाचायला रोजचे दोन-अडीच तास मिळतात. शेजारच्या आसनावरील माणूस वर्षानुवर्षे तोच असतो आणि त्याचे आडनाव सोडून आपल्याला त्याच्याविषयी फारसे काही ठाऊक नसते.

त्याच गाडीने पुण्याकडे जाताना केडगाव येते. गाडी थोडाच वेळ थांबते. ज्या गावात दुष्काळातून वाचलेल्या मुलींनी दुसऱ्यांनी वाचावे म्हणून खिळे जुळवले, त्या गावाच्या फलाटावरून जाताना पिशवीतले पुस्तक शेजाऱ्यापुढे धरायला हरकत नसावी. या शिफारशीला कोणाचे पत्र लागत नाही. आपण ते वाचलेले असावे, एवढीच अट आहे.